आचारी, आचार्य आणि आमच्या मॅडम

मॅडम, नमस्कार.

नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" करून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

झालं असं की आमच्याकडे मराठी मजकुरात सर्च करायचं काम चालतं, आणि कोणीतरी 'आचाऱ्यांना' शोधलं तर सगळे 'आचार्यांना' आले. हवे होते स्वयंपाकी, मिळाले गुरुवर्य. टीम दोन दिवस इंडेक्सला शिव्या घालत होती. मला मात्र स्क्रीन बघताक्षणी थर्ड इयरच्या तुमच्या भाषाविज्ञानाच्या तासाचा फळा आठवला, हेच दोन शब्द खालीवर लिहून तुम्ही विचारलं होतंत, "यातला स्वयंपाक कोण करतो?" आणि आम्ही साठ कॉम्प्युटरवाले, मराठी मीडियमचे निम्मे, तरी गप्प.

चूक निघाली माझीच. तो मधला आडवा अर्धा र लोक दोन प्रकारे टाइप करतात, कोणी वेगळं अक्षर ऱ वापरून, कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, न दिसणारं कॅरेक्टर) टाकून, आणि स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम दिसतात. मी डेटा साफ करताना न दिसणारी कॅरेक्टर्स कचरा म्हणून उडवलेली, आणि मी लावलेल्या नॉर्मलायझेशनमध्ये (अक्षरं सुटी करून एकसारखी करायच्या पायरीत) ऱ चं र अधिक नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, होतं, तो नुक्ताही उडवलेला. म्हणजे दोन्हीकडून आचाऱ्याचा आचार्य. साफसफाईच्या आधी दोन्ही रूपं एका ऱ वर आणली, सहा ओळींचं काम. सगळे विचारतायत तुला कसं कळलं, काय सांगू, एका भाषाविज्ञानवाल्या बाईंनी शिकवलं?

खरं सांगायचं तर तो इलेक्टिव्ह आम्ही सोपे मार्क मिळतील म्हणून घेतलेला. पहिल्याच तासाला तुम्ही विचारलंत, ईमेल आला, आली की आलं? वर्गात मारामारी व्हायची बाकी होती. आम्हाला वाटलं आता तुम्ही बरोबर उत्तर सांगणार, तर तुम्ही खुर्चीत बसून कोण काय म्हणतंय ते लिहून घेत होतात! मग आम्हालाही वही करायला लावलीत, घरचे खरंच कसं बोलतात ते लिहायची. आजीचं बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा नीट ऐकलं.

आणि तो स्टेमर, शब्दाचे प्रत्यय कापून मूळ शब्द काढणारा प्रोग्रॅम. मी शेवटचा 'ला' कापायचा नियम लावला आणि खूश झाले, मुलाला, घराला सगळं छान कापलं जात होतं. 'कला'चा 'क' झाला, 'आला'चा नुसता 'आ', आणि त्यापुढे तुम्ही लाल पेनने लिहिलंत, "आ? बोल, ऐकतेय." ते प्रिंटआउट अजून आहे माझ्याकडे. बरं, 'ला' नीट कापला तरी हातात 'मुला' उरतं, मुलगा नाहीच. 'पाण्यात'मधून पाणी आणि 'माणसाला'मधून माणूस काढताना घाम फुटला. सामान्यरूप शाळेत मार्कांपुरतं केलेलं, ते असं उरावर बसेल वाटलं नव्हतं. वर तुम्ही टेस्टला 'घरासमोरच्यांनीसुद्धा' दिलात. एक शब्द! (त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुमच्याबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही.)

पाणिनीचा तास तर विसरणं शक्यच नाही. कंपायलरसाठी बीएनएफ (बॅकस-नाउर फॉर्म, प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरण लिहायची पद्धत) रट्टा मारलेले आम्ही, तुम्ही म्हणालात १९६७ मध्ये पीटर इंगरमननी पत्र लिहून सुचवलेलं की याला पाणिनी-बॅकस फॉर्म म्हणा. मागून टाळ्या. तुम्ही लगेच, "टाळ्या नंतर, पाणिनीची जवळजवळ ४००० सूत्रं आहेत, आधी एक सोडवा." 'इको यणचि', पुढे वेगळा स्वर आला की इ चा य, उ चा व वगैरे, म्हणजे इति अधिक आदि इत्यादि, अरे हा तर रिप्लेसचा रूल! पण यातला 'इक्' काय, 'यण्' काय, कुठून आले, तिथेच अर्धा तास गेला आणि टाळ्यावाले गार.

सबमिशनच्या आठवड्यात रोज संध्याकाळी थांबायचात, शिपाईकाका लाइट बंद करायला येईपर्यंत. त्याचे कोणी वेगळे पैसे देत नव्हतं हे आम्हाला फार नंतर कळलं. मनापासून थँक्यू, मॅडम.

तुमची,
'आ? बोल, ऐकतेय'वाली

ता.क. परवा टीममध्ये विचारलं. ईमेल 'आला' ४, 'आली' ५, आणि 'आलं' म्हणणारा एकटाच. तो म्हणतो आमच्या घरी असंच म्हणतात. वहीत लिहून ठेवलंय.