वैद्यकीय विद्यार्थ्यांचे आहारविकार : उपचारांची सोय स्वतःच्या महाविद्यालयाबाहेर हवी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

एमबीबीएसच्या प्रथम वर्षाचे प्रवेश पार पडून मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नवी बॅच दाखल झाली, की वृत्तपत्रांतून कटऑफ, शुल्क, वसतिगृहातील अपुऱ्या खोल्या आणि रॅगिंग यांवर भरपूर लिहिले जाते, आणि ते आवश्यकही आहे. परंतु याच मुलांच्या प्रकृतीशी थेट संबंध असलेला एक विषय या चर्चेत सहसा डोकावतही नाही. तो म्हणजे आहारविकार, अर्थात ईटिंग डिसऑर्डर : खाणे आणि वजन यांविषयीचे विचार व सवयी बिघडण्याचा मनोविकार. मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या काळात जे डोळ्यांसमोर घडत होते, त्याच्या आधारे एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम प्रश्नाचे आकारमान सांगते. वैद्यकीय विद्यार्थ्यांमधील आहारविकारांच्या धोक्याविषयी नऊ देशांत झालेल्या 19 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 5,722 विद्यार्थ्यांपैकी सरासरी 10.4 टक्के विद्यार्थी धोक्याच्या रेषेपलीकडे आढळले. हे आकडे प्रश्नावलीतून आलेले आहेत, म्हणजे या सर्वांना आजार झालाच होता असे नव्हे, तर त्यांची नीट तपासणी व्हायला हवी होती, एवढाच त्यांचा अर्थ. शिवाय अनेक देशांची एकत्रित सरासरी जशीच्या तशी परळ किंवा भायखळ्याच्या महाविद्यालयांना लावता येत नाही, हेही मला मान्य आहे. तरीही अडीचशे विद्यार्थ्यांच्या वर्गात वीस-पंचवीस जणांकडे लक्ष द्यावे लागेल अशी शक्यता असेल, तर निदान विचारपूस तरी व्हायलाच हवी.

ही विचारपूस का होत नाही, याचे कारण या व्यवसायाच्या वळणातच आहे असे मला वाटते. आमच्याकडे न जेवणे हा गुण मानला जातो. इमर्जन्सी ड्यूटी संपवून दुपारी तीन वाजता वॉर्डातून बाहेर पडलेला रेसिडेंट ‘सकाळपासून पोटात फक्त चहा आहे’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार कमी आणि अभिमान अधिक असतो. समोर बसलेली इंटर्न मुले ते ऐकतात आणि चांगला डॉक्टर असाच असतो, अशी खूणगाठ बांधतात. ज्या मुलीने ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या तयारीची दोन वर्षे झोप, खेळ, सणवार सारे बाजूला सारून काढली, तिला भूक बाजूला सारणे फारसे अवघड जात नाही, आणि तिने ती बाजूला सारली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा वातावरणात आजाराला लपायला वेगळी जागा शोधावी लागत नाही.

त्यात आमच्या प्रात्यक्षिकांची भर पडते. प्रथम वर्षाला उंची, वजन मोजून बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, काढण्याचे प्रात्यक्षिक असते आणि त्यासाठी विद्यार्थीच एकमेकांचे ‘सब्जेक्ट’ होतात. वजनकाट्यावर जोडीदार उभा राहतो, आकडा मोठ्याने वाचला जातो, कुणीतरी तो फळ्यावर लिहितो आणि मग साऱ्या वर्गाचे आकडे एका तक्त्यात येतात. काट्यावर चढण्याआधी एप्रनच्या खिशातला नी-हॅमर, चाव्या, मोबाइल, मनगटावरचे घड्याळ, इतकेच काय, केसांतला क्लचरसुद्धा काढून मैत्रिणीच्या हाती देणाऱ्या मुली मी दर वर्षी पाहत आले. रांगेत सतत मागे सरकत राहणारी आणि शेवटी ‘मॅडम, माझे घरी मोजून आणते’ म्हणणारी एखादी मुलगीही असेच. भारतीयांसाठी 23च्या पुढचा निर्देशांक ‘जास्त वजन’ धरला जातो. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका आपल्या लोकांत कमी वजनावरच सुरू होतो म्हणून ही मर्यादा खाली आणली गेली, आणि त्यात काही चूक नाही. पण अठरा वर्षांच्या, अगदी निरोगी मुलीच्या नावापुढे भर वर्गात ‘ओव्हरवेट’ लिहिले गेले की पुढे तिच्या मेसच्या ताटात काय होते, ते पाहायला तिथे कोणी नसते. हे प्रात्यक्षिक बंद करण्याची गरज नाही. पडद्याआड वजन करून आकडा ज्याचा त्याने स्वतःच्या जर्नलमध्ये लिहिला, तरी शिकायचे ते सारे शिकून होते.

आपल्याकडे उपवासाचाही आडोसा मिळतो. उपवासाला माझा विरोध नाही, संकष्टी मी स्वतः धरते. परंतु चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर सोडायचा असतो, घरात मोदक होतात, पानावर बसून जेवायचे असते. वसतिगृहातील एखादी मुलगी संकष्टी, सोमवार, एकादशी, नवरात्र असे सगळे धरते, साबुदाण्याची खिचडी ‘तेलकट आहे’ म्हणून मैत्रिणीला देते आणि चंद्र उगवल्यावरही ‘आता भूकच मेली’ म्हणून झोपी जाते, तेव्हा ते व्रत राहिलेले नसते. घरच्यांना फोनवर ‘उपवास आहे’ एवढे सांगितले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

मुलगे यातून सुटले आहेत असे समजू नये. प्रचलित प्रश्नावल्या मुख्यतः बारीक होण्याच्या ओढीभोवती रचलेल्या आहेत, त्यामुळे दंड आणि छाती भरावी म्हणून भात-पोळी सोडून केवळ अंड्यांचे पांढरे आणि प्रोटीन पावडरवर राहणारा मुलगा त्यांत सापडत नाही. वसतिगृहात तर त्याचे कौतुकच होते.

वजनावरून हा आजार ओळखता येतो, हाही गैरसमज आहे, आणि तो डॉक्टरांमध्येही दिसतो. बुलिमियात भराभर पुष्कळ खाणे आणि मग ओकून काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे असे चक्र चालते, आणि पुष्कळदा वजन मात्र सर्वसामान्य राहते. वारंवार उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते व हृदयाची लय बिघडू शकते, दातांचे एनॅमल झिजते, गालांच्या मागे लाळग्रंथी सुजतात. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत राहण्याच्या आजारात, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, आणि मनोविकारांपैकी सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांत त्याची गणना होते. आमच्या विद्यार्थ्यांना हे सारे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, घडाघडा सांगता येते. इतकी माहिती असणाऱ्याला हा आजार होणारच नाही असे पालकांना वाटते, पण त्याच माहितीच्या बळावर मुले तो अधिक सफाईने लपवतात.

अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून केलेला प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगत असे. त्या तरुणांना आधी कोणताही आहारविकार नव्हता. तरी काही आठवड्यांत त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरेना, ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरेनासे झाले. उपासमार स्वतःच मन बिघडवते, हे त्यातून दिसले. जो विद्यार्थी दिवसा जेवण चुकवतो आणि मध्यरात्री अपराधी भावनेने बिस्किटांचे पुडे संपवतो, त्याला इच्छाशक्तीवर व्याख्यान देऊन उपयोग नाही, त्याला वेळेवर जेवण मिळाले पाहिजे आणि गरज असल्यास उपचार मिळाले पाहिजेत. योग्य उपचारांनी, विशेषतः लवकर सुरू झाल्यास, अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

आता मुख्य मुद्दा. ‘महाविद्यालयाच्याच रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, विद्यार्थ्यांनी तिथे जावे’, असे उत्तर अशा वेळी मिळते. ते कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात त्या ओपीडीत केसपेपर काढण्याच्या खिडकीवर ओळखीचा कर्मचारी असतो, बाकावर स्वतःच्या वॉर्डातले रुग्ण असतात, आत दोन वर्षे पुढचा सीनियर रेसिडेंट आजाराचा इतिहास लिहून घेतो, आणि ज्या सरांपुढे तो ठेवला जातो ते पुढे शिकवायला, क्लिनिकल पोस्टिंगला समोर उभे राहणार असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण बाकावर बसलेली मुलगी सर्वांना दिसते, त्यावर कायदा काय करणार? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024च्या अहवालात दिलेल्या माहितीनुसार पाहणीत भाग घेतलेल्या पदवीच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे स्वतः सांगितले. निनावी प्रश्नावलीत जे सांगता येते, ते स्वतःच्या शिक्षकांसमोर सांगणे फार कठीण असते.

या बाबतीत मुंबईला एक सवलत आहे, जी लहान शहरातील एकट्या महाविद्यालयाला नाही. महापालिकेचीच परळला केईएम, शीवला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर आणि जुहूला कूपर अशी चार मोठी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत, आणि राज्य शासनाचे जे. जे. भायखळ्याला आहे. एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात, ठरावीक वारी, ओपीडीच्या गर्दीबाहेरच्या वेळी, स्वतःच्या महाविद्यालयाची चिठ्ठी न आणता तपासले जाईल, असे या संस्थांनी आपसांत ठरवावे, ही माझी मागणी आहे. परळचा विद्यार्थी शीवला जाईल, शीवचा नायरला. लोकलचा पास बहुतेकांकडे असतोच. कोण आले, कोण नाही, याची नोंद विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाकडे परत जाऊ नये, आणि जीव धोक्यात असेल तेवढाच याला अपवाद असावा. सोबत एक आहारतज्ज्ञ असावी, कारण मनाचे उपचार आणि जेवणाची घडी दोन्ही एकत्र बसवावी लागतात.

प्रवेशाच्या वेळी जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी स्कॉफ ही पाच प्रश्नांची चाचणी विद्यार्थ्यांच्या हाती निनावी द्यावी. पोट फार भरले म्हणून मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरले का, इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटते का, आणि अन्नाने आयुष्य व्यापले आहे असे वाटते का, एवढेच ते प्रश्न आहेत. दोन उत्तरे ‘हो’ आली तर कुठे जायचे, तो पत्ता त्याच कागदाच्या तळाशी छापलेला असावा. तिथवर जाण्याचा धीर होत नसेल त्यांच्यासाठी टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांकही असावा.

मेसविषयी थोडेच लिहिते. ड्यूटीवरून उशिरा येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेले एक गरम ताट आणि रात्री अकरानंतरही उघडे राहणारे कँटीन, एवढे वॉर्डन आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांना मिळून करता येण्यासारखे आहे. आयोगाच्या कृतिदलाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली आहे. ती पाळली जाईल तेव्हा जाईल, पण त्या तासांत जेवणाचा अर्धा तास युनिटप्रमुखांना आजपासूनही देता येतो.

एकमेकांच्या महाविद्यालयांत तपासणीच्या या सोयीला नवी इमारत किंवा नवी पदे लागणार नाहीत. महापालिकेच्या वैद्यकीय शिक्षण व प्रमुख रुग्णालये विभागाच्या संचालकांनी चारही अधिष्ठात्यांची एक बैठक घ्यावी, जे. जे.च्या अधिष्ठात्यांनाही तिचे निमंत्रण द्यावे, आणि प्रथम वर्षाची पहिली अंतर्गत परीक्षा सुरू होण्याआधी वार, वेळ व खोली क्रमांक वसतिगृहांच्या सूचना फलकांवर लागावा, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई