भट्टीवाल्या चाचांना, बाबांच्या चहातल्या कुकीबद्दल

चाचा, सलाम.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि "ते राहू दे, चहा टाक" म्हणता. म्हणून हे चार लोकांत लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

मिरजेच्या आमच्या गल्लीत दिवाळी जवळ आली की तुमच्या भट्टीपुढे पत्र्याच्या डब्यांची रांग लागायची. रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा, सगळं घरून मोजून आणायचं आणि नानकटाई भाजून न्यायची. आमच्या डब्यावर लाल ऑइलपेंटनं आडनाव लिहिलेलं होतं, तरी एका वर्षी डबा बदलला आणि आईनं आठवडाभर "कुणाचा डालडा खातोय कोण जाणे" म्हणून डोकं खाल्लं होतं. बाबांना चहात बुडवून खायची चटक लागली ती त्या नानकटाईपासून. एसटीच्या ड्युटीवर जातानाही तिकिटांच्या पेटीत कागदात बांधलेल्या दोन असायच्याच.

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा भात सुटला, आंबा सुटला, बिस्कीट काही सुटेना. मग मी दुकानातून 'शुगर फ्री' लिहिलेले पुडे आणायला लागले. ते खाऊनही साखर वर जायची. एक दिवस चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिलंच नाव मैद्याचं! साखर घातलेली नव्हती हे खरं, पण शंभर ग्रॅम मैद्यात पाऊणशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. आत्यानं मोठ्या प्रेमानं गुळाच्या कुकीज पाठवल्या. गूळ म्हणजे साखर नव्हे, ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. ग्लुकोमीटरची नाही.

मग मी स्वतःच करायला घेतल्या. बदामाचं पीठ, कोको, लोणी आणि साखरेऐवजी एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेसारखी दिसणारी पण रक्तातली साखर जवळजवळ न वाढवणारी गोड पूड. व्हिडिओ बघून चार घाण्या केल्या, चारही वाया. बदाम काय भावानं मिळतात ते तुम्हाला सांगायला नको. चौथ्या घाण्याच्या दिवशी तुम्ही बाबांशी गप्पा मारायला आलात, ताटलीतला तुकडा उचललात आणि तो बोटांतच भुगा झाला. तुम्ही म्हणालात, "पोरी, हे बिस्कीट न्हाई, हे करंजीचं सारण हाय."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एरिथ्रिटॉल हे नाव तुम्ही आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. पण तुम्ही जे विचारलंत ते एकाही व्हिडिओत कुणी विचारलं नव्हतं: "साखर काढलीस, बरं केलंस. पण साखर बिस्किटात काम काय करत होती, ते आता कोण करणार?"

साखर गोडीसाठी, एवढंच मला माहीत होतं. ती भट्टीत वितळते म्हणून बिस्कीट पसरतं, तिच्यामुळं रंग चढतो आणि गार झालं की तिच्यामुळंच कडक होतं, हे तुम्ही ओट्याशी उभं राहून सांगितलंत. मैद्याला चिकटपणा असतो, बदामाला नसतो, म्हणून भुगा. त्यावर मी इसबगोल काढलं तेव्हा तुम्ही हसलात, "हे तर पोट साफ करायचं." पण चमचाभर इसबगोल आणि एक अंडं घालून गोळा मळला आणि बोटानं दाबून बघितलात, तेव्हा गप्प झालात. तेवढा एक मुद्दा माझा.

शेंगदाणे मात्र तुमचेच. "बदामच कशाला? आपल्याकडं दाणे काय कमी हायत?" खरंच की. दाण्यांतही पचणारं कर्बोदक कमीच असतं आणि चॉकलेटशी त्यांचं चांगलं जमतं. तेव्हापासून निम्मं बदामाचं पीठ, निम्मं भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, सलग फिरवला की तेल सुटून लगदा होतो.

ओव्हनची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. तुम्ही ट्रेवर चिमूटभर मैदा टाकलात, दार लावलंत आणि ओठांत काहीतरी मोजत बसलात. मैदा लाल झालेला बघून म्हणालात, "तुझा ओव्हन खोटं बोलतोय." मी दुसऱ्या दिवशी आतला थर्मामीटर आणला. बटण 160 वर, आत 185! बदामाचं पीठ मैद्यापेक्षा लवकर करपतं आणि कोकोमुळं कुकी आधीच काळी, त्यामुळं करपलेलं डोळ्यांना कळतच नव्हतं. आता मी कडेला बोट लावून आणि वास घेऊन ठरवते. खऱ्या 160 वर बारा मिनिटं.

आणि मग हात लावायचा नाही. हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत आणि तिन्ही वेळा मी लावला. गरम असताना ती ओल्या मातीसारखी मऊ असते. एरिथ्रिटॉल गार होताना पुन्हा खडे धरतं, तेव्हा कुठं कुकीला कडकपणा येतो. म्हणून अर्धा-पाऊण तास ट्रेमध्येच. खडे दाताखाली कचकचू नयेत म्हणून ते आधी पिठीसाखरेसारखं दळायचं. पहिली नीट झालेली कुकी खाऊन तुम्ही विचारलंत, "पेपरमिंट घातलंस का?" तो गारवा एरिथ्रिटॉलचाच, जिभेवर विरघळताना ते तिथली उष्णता ओढून घेतं. चिमूट मीठ आणि अर्धा चमचा कॉफी घातल्यावर तो बराच लपला.

बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून माप इथंच लिहिते. बदामाचं पीठ 100 ग्रॅम, दाण्याचं कूट 100, कोको 25, एरिथ्रिटॉल 90, लोणी 90, एक अंडं, चमचाभर इसबगोल, अर्धा चमचा बेकिंग पावडर, शिवाय वर सांगितलेलं मीठ आणि कॉफी. वीस कुकीज होतात. चॉकलेटचे तुकडे मी घालत नाही, 'डार्क' म्हणून मिळतं त्यातही साखर असते. माझ्या हिशेबानं एका कुकीत पचणारं कर्बोदक सव्वा-दीड ग्रॅम, मैदा-साखरेच्या तेवढ्याच कुकीत ते चौदा-पंधरा भरेल. पण कॅलरी शंभरेक आहेतच, दाणे-लोणी काही हवेचे नसतात.

बाबांना दिवसाला दोनच देते. 2023 मध्ये रक्तातलं एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास आला होता. त्यानं कारण सिद्ध झालं नाही, तरी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडं चालेल, पोतं नको. गोळ्या चालू असताना खाण्यात मोठा बदल करायचा तर आधी सांगत जा, हेही बजावलं, नाहीतर साखर एकदम खाली जायची. पहिल्या दिवशी कुकीच्या आधी बाबांची साखर 132 होती, दोन तासांनी 139. बाबांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

पण तुमची परीक्षा वेगळी होती. "चहात बुडवून मोडलं नाही तर बिस्कीट पास." बाबांनी बिनसाखरेच्या चहात कुकी धरली आणि तुम्ही मोजायला लागलात, एक, दोन, तीन. चारला खालचा कोपरा कपात पडला. तुम्ही म्हणालात, "तीनला पास, चारला तर आमची नानकटाईबी पडायची." मला माहितेय चाचा, ती पडत नव्हती.

तुमचा काळा ट्रे अजून आमच्याकडंच आहे. तुमची भट्टी बंद झाल्यावर माळ्यावरून काढून तुम्ही तो आणून दिलात, वर म्हणालात की तुझ्या ट्रेचा पत्रा पातळ आहे, खालून जळतंय. आमच्या ओव्हनमध्ये तो मावत नव्हता तर कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापूनही आणलात. परवा मी तो घासून परत द्यायला निघाले होते. बाबांनी दारातच अडवलं. म्हणाले, "त्यानं मागितलाय का? मग ठेव की."

तुमची,
लाल डब्यावाल्यांची पोरगी