कासदाह तपासणी व प्रतिजैविकांच्या वापराबाबत सूचना

सर्व तबेलाधारक सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता आरे वसाहतीतील आपल्या नेहमीच्या बैठकीच्या जागी पशुवैद्यकांच्या उपस्थितीत कासदाहाची (दगडी, म्हणजे जनावराच्या कासेचा दाह) तपासणी होईल. धारा काढणाऱ्या गड्यांना सोबत आणावे; खरे काम त्यांच्याच हातात आहे.

प्रत्येक दुभत्या जनावराच्या चारही सडांचे दूध वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत आणावे. पहिल्या धारा टाकून द्याव्यात. दुधात तपासणीचे द्रावण मिसळल्यावर ते चिकट, जेलीसारखे झाले, तर कास वरून निरोगी दिसत असली तरी आत दाह असल्याचे समजावे. सुप्त दगडी म्हणतात ती हीच.

– पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय सडात औषधाची ट्यूब सोडू नये. प्रयोगशाळेसाठीचा नमुना औषधापूर्वीच घ्यावा.

– उपचार सुरू असताना आणि त्यानंतर औषधाच्या वेष्टनावर दिलेली दूध न वापरण्याची मुदत संपेपर्यंत त्या जनावराचे दूध, निरोगी सडांचेही, विक्रीच्या दुधात मिसळू नये. उकळल्याने प्रतिजैविकाचा अंश खात्रीने जात नाही, आणि ते दूध लहान मुलांच्या पेल्यात जाते.

– सूज उतरली म्हणून उपचार अर्धवट सोडू नयेत.

– धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत व लगेच वैरण टाकावी, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत जनावर उभे राहील. पावसाळ्यात ओल्या फरशीमुळे याची गरज अधिक भासते.

उपचारांची नोंदवही सोबत आणणे बंधनकारक आहे.

– चिटणीस