इन्सुलिनची नोंद होते, जेवणाची का नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मधुमेहाच्या रुग्णाला सकाळी किती युनिट इन्सुलिन दिले हे वॉर्डातल्या चार्टवर वेळेसह, सहीसह सापडते. त्यानंतर त्याने नाश्ता केला का, की दोन घास खाऊन ताट सरकवले, हे कुठेच सापडत नाही. आधी वॉर्डात आणि नंतर परिचर्या शिक्षिका म्हणून काम करताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले. आता कुणाच्या सोबतीला रुग्णालयात बसते, तेव्हाही तेच दिसते. मधुमेहींचे खाणेपिणे हे आपले काम नव्हे, अशी समजूत आम्हा परिचारिकांमध्ये खोल रुजली आहे. माझ्याच व्यवसायाबद्दल हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहायलाच हवे.

"सिस्टर, भात चालेल का?" असे कुणी विचारले की "राउंडला डॉक्टरांना विचारा" हे उत्तर ठरलेले. डॉक्टर "गोड बंद, भात कमी" म्हणून पुढच्या खाटेकडे जातात. आहारतज्ज्ञ असल्या तरी प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचू शकत नाहीत. ताट समोर आले तेव्हा आसपास असते ती फक्त सिस्टर.

आणि हे पथ्यापुरतेही मर्यादित नाही. साधे इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास देतात. इंजेक्शन झाले आणि जेवणाची ट्रॉली तासभर उशिरा आली, किंवा रुग्णाला मळमळले म्हणून त्याने घासच घेतला नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते. ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्या वृद्धांत तर साखर एकदा वर आणली तरी पुन्हा घसरू शकते. शिवाय असे रुग्ण फक्त मेडिसिन वॉर्डात नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. म्हणजे खुब्याचे हाड मोडलेल्या आजी आणि मोतीबिंदूसाठी आलेले आजोबा यांच्यातही ते असणारच. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाचे ऑपरेशन दुपारवर ढकलले गेले, तर त्याच्या सकाळच्या डोसचे आणि खाण्याचे काय, हे सिस्टरने विचारले नाही तर कोण विचारणार?

सर्वांत जास्त खटकते ते मात्र रागावणे. साखर वाढलेली दिसली की भर वॉर्डात, सुनेसमोर, शेजारच्या खाटेवरच्यांसमोर "काय खाल्लंत? सांगून ऐकत नाही तुम्ही!" असे बोलले जाते. हेतू चांगला असतो, हे मी जाणते. पण म्हातारे माणूस त्यानंतर खरे सांगत नाही. घरून आलेला लाडू उशाखाली जातो. साखर ३०० दिसते, कारण कुणालाच कळत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. दुसऱ्या दिवशी लाडू नसतो, रुसून जेवणही नसते, वाढवलेला डोस तेवढा असतो. रागावण्याची किंमत रुग्ण अशी मोजतो.

नातेवाईक काय काय घेऊन येतात, तेही पाहावे. साखर नाही म्हणून गूळ, हलके म्हणून मारी बिस्किटे, उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी. गूळ ही साखरच, बिस्किटांत मैदा आणि साखर, साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय. ज्वारीची भाकरी चांगली, पण म्हणून चार खाल्लेल्या चालत नाहीत. हे सांगायला आहारशास्त्राची पदवी लागत नाही. पोषणशास्त्र आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी असते. अडचण अशी की ते उष्मांकांच्या तक्त्यांतून शिकवले जाते, परीक्षेत लिहिले जाते आणि तिथेच राहते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने पहाटे काय खाऊन निघावे, हे विद्यार्थिनीला कुणी विचारतच नाही.

मनुष्यबळाचा तुटवडा मी नाकारत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शैक्षणिक रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला हा निकष ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. भरती झालीच पाहिजे. पण इन्सुलिन देण्यापूर्वी "जेवण आलंय का? खाणार ना?" हे विचारायला अर्धे मिनिट पुरते. 'नाही' उत्तर आले तर डोस द्यायचा की थांबायचे हे डॉक्टरांना विचारण्याचा तिचा अधिकार लेखी असावा, म्हणजे "तू कशाला मध्ये बोलतेस" असे तिला कुणी म्हणणार नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाने आणि खासगी रुग्णालयांनी इन्सुलिन चार्टवर डोसशेजारी 'किती खाल्ले' असा रकाना छापावा: पूर्ण, अर्धे, काहीच नाही. पाळी बदलताना तो वाचून दाखवावा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेने नोंदणी नूतनीकरणासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या तासांत मधुमेहींच्या आहाराला जागा द्यावी. आणि डिस्चार्जच्या दिवशी पथ्य समजावताना घरी स्वयंपाक कोण करते ते विचारून त्या व्यक्तीला खाटेजवळ बोलवावे. आज पथ्याचा कागद बहुतेकदा बिल भरायला गेलेल्या मुलाच्या हातात पडतो.

आपली,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, सांगली