तोतया क्राइम ब्रांचने माझी जास्त विचारपूस केली: गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी 68 वर्षांचा निवृत्त कॅशियर. मुंबईच्या उपनगरात दोन खोल्यांत मी आणि बायको राहतो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहीन म्हणून बसलो होतो. जमलेलं नाही, माफी असावी.

काल पोलीस ठाण्यातून फोन आला, "काका, तुमचा अर्ज सापडत नाहीये, झेरॉक्सचा सेट घेऊन परत या." ऑनलाइन फसवणुकीची तक्रार देऊन आज 52 वा दिवस. चोर सापडत नाही हे मी समजू शकतो. अर्ज?

ऑगस्टमध्ये सकाळी व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे निळी भिंत, अशोकस्तंभ. "मुंबई क्राइम ब्रांच, स्पेशल टीम." माझ्या आधारवर सिम घेतलंय, मनी लाँडरिंग झालंय, वॉरंट निघालंय. छत्तीस तास मोबाइल टीपॉयवर डब्याला टेकवून मी त्याच्यासमोर बसलो. संडासला जाताना परवानगी मागत होतो. बायकोने चहा आणला तर तिलाही कॅमेऱ्यात यायला लावलं. रात्री तोच माणूस म्हणाला, "बाबूजी, बीपी की गोली ली?" आणि मी, चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस, चार आण्यांचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत न उठणारा, मी स्वतः बँकेत जाऊन 11 लाख 40 हजार आरटीजीएस केले. हिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे होते त्यात. हिने अजून एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

मुलगी आली, तिने 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यातले 83 हजार पुढे जाण्याआधी अडकवले गेले म्हणतात. अडकलेत हे खरं, अजून तिथेच आहेत.

आता खऱ्या पोलिसांकडे येतो. ठाण्यात शिरलं की डाव्या हाताला मोठा फलक आहे. निर्भया पथक, गुंडा पथक, दहशतवादविरोधी कक्ष, सायबर कक्ष, गुन्हे प्रकटीकरण पथक, ज्येष्ठ नागरिक कक्ष. पुढे नावं, मोबाइल नंबर. बसून बसून तो मला पाठ झालाय. सायबर कक्ष, ज्येष्ठ नागरिक कक्ष आणि आणखी एका पथकापुढे एकच नाव आणि एकच नंबर आहे. मी त्या हवालदाराला विचारलं, तर बिचारा हसला. "काका, मी रात्रपाळीला ड्युटी ऑफिसरचा मदतनीसपण असतो." त्याचा राग नाही आला. पायात चप्पल होती, बूट खुर्चीखाली. पाय सुजले होते.

सायबर गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्याच अधिकाऱ्याने करायचा, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 78 सांगतं. आणि इन्स्पेक्टरसाहेब कुठे? आधी गणपतीच्या बंदोबस्ताला. मग विसर्जनाच्या. मग नवरात्र. मध्येच कुणा मंत्र्याचा दौरा (आपला नसावा, अशी आशा करतो). चोरांना सण नसतो का हो? "आर्थिक गुन्हे शाखेत द्या" म्हटलं, तर उत्तर मिळालं, "तिथे कोटींच्या पुढच्या रकमा जातात, तुमची लहान आहे." म्हणजे माझी चूक अशी की मी पुरेसा श्रीमंत नसताना लुटला गेलो.

एफआयआर? दखलपात्र गुन्हा असेल तर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलं. मला मिळाला आवक क्रमांक. तोही पेन्सिलीने.

पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं: थांबा, विचार करा, कृती करा. मी उशिरा का होईना कृती केली. तुमचं खातं अजून 'थांबा'वरच आहे.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. काही झालं की तुम्ही नवं पथक काढता. 26/11 नंतर फोर्स वन ही कमांडो तुकडी आली. यावी, जरूर यावी. पण त्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडलं ते कुठल्या विशेष पथकाने? डी. बी. मार्ग ठाण्याच्या सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळेंनी, हातात काठी असताना. आणि तुमची विशेष पथकं? 2021 साली अंबानींच्या घराजवळ जिलेटिनची गाडी सापडली आणि मुंबई गुन्हे शाखेच्याच गुप्तवार्ता कक्षाचा प्रमुख राष्ट्रीय तपास यंत्रणेने, एनआयएने, धरला. महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून घेतलेल्या बोलेरो गाड्या आमदार-खासदारांच्या दिमतीला लागल्याच्या बातम्या 2022 मध्ये आम्ही वाचल्या. निर्भय कोणाला करायचं होतं, हे तेव्हा समजलं.

तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, दहा लाखांवरच्या शहरांपासून सुरुवात करा, असं सर्वोच्च न्यायालय प्रकाश सिंग खटल्यात 2006 साली म्हणालं. माझी नात त्यानंतर जन्मली आणि यंदा बारावीला आहे. ठाण्यात मात्र तपासाचा माणूस आजही मिरवणुकीपुढे शिट्टी वाजवतोय. नवी मुंबईत महापेला सायबरचं चकाचक मुख्यालय झालं, त्या सगळ्या प्रकल्पावर आठशे कोटींच्या वर खर्च म्हणे. आमच्या ठाण्यातल्या सायबर कक्षाच्या प्रिंटरला टोनर नाही. माझ्या बँक स्टेटमेंटच्या प्रती मी समोरच्या दुकानातून काढून आणतो, सहा पानं, तीन सेट, दर वेळी.

मागणं म्हणाल तर एवढंच. माझा गुन्हा नोंदवा. आणि एक इन्स्पेक्टर तरी ठाण्यात राहू द्या, ज्याला कुठल्याही मिरवणुकीला पाठवायचं नाही.

सोमवारी अकरा वाजता पुन्हा बोलावलंय. शिक्क्याचा पॅड वाळलाय, असं मागच्या वेळी म्हणत होते. सोबत शाईची बाटली घेऊन जाणार आहे. पंचवीस रुपयांना मिळाली.

आपला,
एक निवृत्त कॅशियर