ध्वनिमुद्रणात घुमटाचा खर्ज जपावा

महोदय,
चतुर्थीच्या तोंडावर निघणाऱ्या घुमट वाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरत्यांच्या ध्वनिमुद्रणांत शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे ही झांज खणखणीत ऐकू येतात, घुमट मात्र पत्र्याच्या डब्यासारखे वाजते. २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेल्या या मातीच्या वाद्याला दोन तोंडे असतात. चामड्यावर थाप मारताना मागचे लहान तोंड दुसऱ्या हाताने झाकत-उघडत वादक खर्ज घडवतो, आणि एकच माइक चामड्यासमोर ठेवला की नेमका तोच निसटतो. मागे दुसरा माइक लावून मिक्सिंगच्या वेळी त्याची पोलॅरिटी (ध्वनिलहरीचे चढ-उतार) उलटवून पाहावी, अन्यथा दोन्ही ध्वनी एकमेकांना खोडतात. कासाळेवादकाला थोडे दूर बसवावे. देवळाच्या मंडपाचा स्वतःचा घुमारा उपलब्ध असताना वरून कृत्रिम रिव्हर्ब कशासाठी, हे मला तरी उमगत नाही.

– एक श्रोता, फोंडा