'बोल्ड' म्हणून सोडून देऊ नका

संपादक साहेब,
ब्राझीलचा 'ब्रूना सर्फिस्तीन्या' (२०११) परवा बघितला, साओ पाउलोच्या राकेल पाशेकोच्या आत्मकथेवरचा, आणि आपल्याकडे अशा पिक्चरला नुसतं 'बोल्ड' म्हणून मोकळे होतात त्याचा वैताग आला म्हणून लिहितेय. दत्तक घेतलेली, बऱ्या घरातली पोरगी घर सोडून देहविक्रीच्या धंद्यात जाते आणि मग ब्लॉगवर गिऱ्हाइकांबद्दल बिनधास्त लिहायला लागते, म्हणजे एरवी पुरुष बायकांना जोखतात, इथे हीच त्यांना जोखतेय! तिच्या भूमिकेत डेबोरा सेकोने काम झकास केलंय. पण काही ठिकाणी कॅमेरा तिच्या नजरेऐवजी गिऱ्हाइकाच्याच नजरेने बघतो, ते मात्र खटकलं. समीक्षकांनी यावर दोन ओळी लिहायला काय हरकत होती?

- एक वाचक